देवबागला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी पाहुणे उतरायला लागून बरीच वर्षं झाली. फोनवर येणारे प्रश्न जवळपास तेच असतात, आणि घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून ते सगळे इथे सविस्तर लिहून ठेवले आहेत. यायच्या आधी एकदा वाचा, निदान समुद्रात उतरण्याबद्दलचा भाग तरी.

देवबाग हे बेट आहे का?

नाही. पण पहिल्यांदा येणाऱ्याला ते बेटच वाटतं. मालवणहून तारकर्लीच्या पुढे आलात की जमीन निमुळती होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये माडांच्या सावलीत वसलेलं आमचं गाव. काही ठिकाणी समुद्राच्या बाजूने नदीच्या बाजूला चालत जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. टोकाला नदी समुद्राला मिळते, त्याला आम्ही संगम म्हणतो. रस्ता तिथे संपतो. पलीकडच्या भोगव्याला जायचं तर होडी, नाहीतर मोठा वळसा.

खरं बेट बघायचं असेल तर सिंधुदुर्ग किल्ला आहेच. तो मालवणसमोरच्या कुरटे बेटावर उभा आहे.

यायचं कसं?

कोकण रेल्वेने कुडाळला उतरा. तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर आणि मालवणहून देवबाग दहा-बारा. कुडाळहून मालवणला एसटी मिळते, रिक्षाही मिळते. मालवणहून देवबागची एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे संध्याकाळी उशिरा पोहोचणार असाल तर आधी कळवा. विमानाने यायचं तर चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ अगदी जवळ आहे. तो 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. तिथल्या उड्डाणांचं वेळापत्रक सारखं बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी खात्री करा. गोव्यातलं मोपा हा दुसरा पर्याय.

गाडी घेऊन येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. गाडी वाळूत घालू नका. ती रुतते, भरतीचं पाणी चढायला लागतं, आणि मग जाळी सोडून माणसं गाडी ओढायला धावतात. शिवाय किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई आहे.

कोणत्या महिन्यात यावं?

पाण्याखाली बघायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाचा गाळ तोवर खाली बसलेला असतो, वारा कमी असतो आणि पाणी निवळतं. ऑक्टोबरमध्ये आकाश सुंदर असतं, पण पाणी अजून गढूळ. एप्रिल-मेमध्ये आंबे, फणस, करवंदं आणि मुलांच्या सुट्ट्या. गर्दी सगळ्यात जास्त तेव्हा. दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून त्या दिवसांत समुद्रातली कामं सकाळी दहाच्या आत उरकावीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा आणि पर्यटकांच्या होड्या बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतो आणि मग गाव पुन्हा पाण्यात उतरतं.

पावसाळ्यात यायचंच नाही असं मात्र नाही. शांतता हवी असेल तर मी जुलै सुचवेन. डायव्हिंग नाही, होडी नाही, ताजी मासळी थोडी. पण पडवीत बसून समोरच्या खाडीवर पाऊस चालत येताना बघणं हे माझ्या लेखी डायव्हिंगपेक्षा कमी नाही.

किती दिवस पुरतील?

तीन रात्री तरी राहा. शनिवारी सकाळी येऊन रविवारी दुपारी निघणारे पाहुणे दोन दिवसांत किल्ला, स्कुबा, डॉल्फिन, पॅरासेलिंग आणि 'त्सुनामी आयलंड' (संगमाजवळचं वाळूचं बेट) सगळं उरकतात आणि गाव न बघताच जातात. समुद्रावर प्रत्येक दिवस सारखा नसतो. आज पाणी गढूळ असेल तर उद्याची सोय हातात हवी.

मला पोहता येत नाही. स्कुबा करता येईल का?

येईल. मालवणात बहुतेक लोक करतात ते हौशी डायव्हिंग. प्रशिक्षक सगळा वेळ तुम्हाला धरून असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत, दहा मीटरच्या आतल्या पाण्यात नेतात. आधी अर्ज भरून घेतात, सूट चढवतात, मग उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची सवय करून देतात. हा सरावाचा भाग घाईत उरकू देऊ नका. नाकाने श्वास घ्यायची आपली जन्माची सवय, ती मोडायला वेळ लागतो. दहा मिनिटं जास्त लागली तर मागा. तो तुमचा हक्क आहे.

खाली जाताना कान दुखले तर नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, म्हणजे कानातला दाब सारखा होतो. तरी दुखतंच असेल तर खूण करून वर या. खुणा पक्क्या लक्षात ठेवा: अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'मला वर न्या' असा होतो. ठीक आहे म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

सर्दी असेल तर उतरूच नका. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे उतरलेले एक काका नाक चोंदलेलं असताना 'एवढ्या लांब आलोय तर' म्हणून गेले. परत आले ते कान धरूनच, आणि उरलेले दोन दिवस त्यांनी खाटेवर काढले. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि अर्जात खरं लिहा. गरोदरपणात डायव्हिंग करू नये. दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात स्कुबाला पाठवू नका, त्यांच्यासाठी किनाऱ्यावर भरपूर आहे.

डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी विमान पकडलं तर?

पकडू नका. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकदाच उतरला असाल तर किमान 12 तास, एकापेक्षा जास्त वेळा उतरला असाल तर 18 तास थांबावं असा डायव्हिंगमधला सर्वमान्य नियम आहे. म्हणून डायव्हिंग पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी नको.

रीतसर शिकायचं असेल तर?

तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंग आणि जलक्रीडा शिकवणारी संस्था आहे. तिथे खोल तलावात सराव करून घेऊन मग समुद्रात नेतात. पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम साधारण चार दिवसांचा असतो आणि तो पुरा केला की 18 मीटरपर्यंत जाता येतं. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतली कितीतरी मच्छीमारांची मुलं आज डायव्हिंगच्या होड्यांवर काम करतात. ज्या खडकांवर त्यांचे आजे गळ टाकायचे तेच खडक ती आता आतून दाखवतात.

पाण्याखाली नेमकं काय दिसतं? अंदमानसारखं?

अंदमानशी तुलना करून येऊ नका, म्हणजे निराश होणार नाही. आमचं पाणी नद्यांचं, गाळाचं आणि अन्नाने समृद्ध. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी तीनच. पण जे दिसतं ते जिवंत असतं. खडकांवर प्रवाळ आहेत, गोल गाठींसारखे पोराइट्स आणि पानांच्या थरांसारखे टर्बिनेरिया. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे थव्याने अंगाभोवती फिरतात. फुलपाखरू मासे जोडीने दिसतात. कपारीत गोबरा तोंड उघडून बसलेला असतो. ताटात ओळखीची असलेली तांबोशी समोरून पोहत जाते तेव्हा मोठी माणसंही मुलांसारखी हातवारे करतात.

मालवणचं हे पाणी 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, त्याच्या शेजारचा छोटा पद्मगड किल्ला आणि भोवतालच्या खडकांचा. मच्छीमारांनी पहिल्या दिवसापासून याला विरोध केला, कारण पोटाची जागाच हातची जाईल ही भीती होती. ती भीती खोटी नव्हती. खडक राखले पाहिजेत हे आम्हालाही कळतं. फक्त ते आम्हाला बाजूला सारून राखता येणार नाहीत.

म्हणून पाहुण्यांकडे दोन मागण्या. एक, प्रवाळाला हात किंवा पाय लावू नका. तो दगड दिसतो, पण सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे आणि वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटर वाढतो. दोन, मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकायला सांगू नका. फोटो छान येतो, पण शेवाळ खाऊन खडक साफ ठेवणारा मासा पावाच्या मागे लागला की खडकावर शेवाळ माजतं. तुम्हीच 'नको' म्हणालात तर होडीवाला खुशीने टाळतो.

आंग्रिया बँकला जाता येईल का?

किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं ते मोठं प्रवाळ पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलं. सगळ्यात उथळ भागही साधारण 20 मीटर खोल. ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची सहल नाही. कोणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

समुद्रात पोहणं सुरक्षित आहे का?

हा भाग दोनदा वाचा.

2017 च्या एप्रिलमध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. 2022 च्या मेमध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. दोन्ही वेळी इथल्याच लोकांनी पाण्यात उड्या टाकल्या, आणि ते दिवस आठवले की आजही घास गिळत नाही.

किनाऱ्यावर उभं राहून आधी पाच मिनिटं लाटा बघा. सगळीकडे लाट फुटते आहे आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतो आहे, तिथे नवखा माणूस नेमका उतरतो. तिथूनच पाणी आत परततं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, लाट फुटते तिथे या, मग लाटच तुम्हाला बाहेर आणेल.

संगमाजवळ पोहायचं नाही. ओहोटीला खाडीचं आणि नदीचं पाणी एकत्र समुद्राकडे धावतं, आणि ती ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही झेपत नाही. होडीत बसताना लाइफ जॅकेट घाला, त्याचे बंद नीट आवळा, आणि माणसं जास्त वाटली तर उतरून पुढच्या होडीची वाट बघा.

खडकांवर अनवाणी चालू नका. कालवांच्या कपच्या ब्लेडसारख्या कापतात. पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं.

भरती-ओहोटी कशी ओळखायची?

मोबाइलवर बघता येते, पण आमची जुनी रीत सांगते. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. दुसरी भरती त्यानंतर साडेबारा तासांच्या आत. अदमास आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहलीचा बेत ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी, त्याला भांग. नवशिक्यांनी डायव्हिंगसाठी भांगाचे दिवस निवडावेत. ओढ कमी असते आणि पाणीही निवळ.

रापण बघायला मिळेल का?

मिळेल. रापण म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची मासेमारी. पण तिची वेळ ठरवून देता येत नाही. नारळी पौर्णिमेनंतर, आणि थंडीत जास्त, किनाऱ्याजवळ थवा दिसला की रापण लागते.

होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळात फिरून येते. दोराची दोन टोकं किनाऱ्यावर दूर दूर असतात आणि प्रत्येक टोकाला पंधरा-वीस माणसं. दोर कमरेला टेकवायचा, टाचा वाळूत रोवायच्या आणि मागे मागे सरकत ओढायचं. कोणी बोलत नाही फारसं. जाळं जवळ येईल तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. आकाशात ब्राह्मणी घारी जमायला लागतात, ते बघून म्हातारे सांगतात आत किती आहे ते. शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत पाणी उकळल्यासारखं होतं. मग तारली, पेडवे, बांगडे, एखादं पाकट आणि बऱ्याचदा नुसता झार. झार म्हणजे जेलीफिश. तो जाळ्यात भरला की सगळी सकाळ वाया.

माझे वडील रापणकर होते. ज्याने दोर ओढला त्याला वाटा, हा रापणीचा कायदा. पाहुणा म्हणून तुम्ही हात लावलात तर कोणी नाही म्हणत नाही. उलट हाक येते, "हय ये, दोर धर." फक्त जाळ्यावरून चालू नका आणि माणसं ओढत असताना फोटोसाठी त्यांना थांबवू नका.

रापणी आता कमी झाल्या आहेत. यांत्रिक जाळ्यांनी थवे किनाऱ्यापर्यंत येण्याआधीच उचलले जातात. राज्याने 2016 मध्ये पर्ससीन, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर निर्बंध घातले, केंद्राने 2017 मध्ये प्रखर दिवे लावून मासे पकडण्यावर बंदी आणली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दूर समुद्रात दिव्यांची रांग दिसते. ते शहरासारखं झगमगणारं दृश्य पाहुण्यांना सुंदर वाटतं. आम्हाला ते बघवत नाही.

जेवण कसं असतं? शाकाहारी लोकांची सोय होते का?

होते, आणि मनापासून होते. काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, आंबोळी, फणसाची भाजी, सोलकढी. सोमवारी आमच्याही बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. मासे खाणाऱ्यांनी मात्र फक्त सुरमई-पापलेट मागू नये. त्या दिवशी होडीला काय लागलं ते विचारा. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांची एकशिपी, पेडव्यांचं सुकं यांची चव मोठ्या माशाला नाही. पापलेट हा 2023 पासून राज्यमासा आहे. तळहाताएवढं पिल्लू ताटात आलं तर परत पाठवा, म्हणजे उद्या ते कोणी आणणार नाही.

डॉल्फिन, कासवं, पक्षी?

डॉल्फिन बहुतेकदा सकाळी, निवतीच्या बाजूला दिसतात. होडीवाल्याला इंजिन बंद करून थांबायला सांगा, पाठलाग करायला नको. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात. पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर फेब्रुवारीनंतर वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला किंवा देवगडकडच्या तांबळडेगला चौकशी करून जा.

खाडीकडे मात्र पाहुण्यांचं दुर्लक्ष होतं. पहाटे लहान होडीने कर्लीत आत जा, इंजिनशिवाय. कांदळवनाची मुळं ओहोटीला उघडी पडतात, त्यांत खेकडे आणि चिखलात राहणारे निवट्या मासे. खंड्या, बगळे, नशीब असेल तर पाणमांजराचं कुटुंब. पांढरी चिप्पी हा 2020 पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. त्याचं फूल रात्री उमलतं आणि सकाळी पाण्यावर पांढरे केसर तरंगताना दिसतात. वादळात खाडीकाठची आमची घरं याच झाडांच्या आडोशाला असतात. 2021 च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा समुद्राकडच्या बाजूला माड मुळासकट आडवे झाले आणि वीज कितीतरी दिवस नव्हती.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी किती वेळ ठेवावा?

अर्धा दिवस. होडीवाले तासाभरात परत बोलावतात, तेव्हा निघतानाच जास्त वेळ ठरवून घ्या. बांधकाम 1664 ला सुरू झालं आणि तीन वर्षांत पुरं झालं. तटावरून चालत जा, शिवराजेश्वराचं दर्शन घ्या, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघा. चारी बाजूंना खारं पाणी असताना तिथे गोडं पाणी लागतं. आत आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या खळ्यात विचारल्याशिवाय शिरू नका.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे घरी नेले तर चालतील?

प्रवाळ मेलेला असला तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. काही शंखांनाही तेच संरक्षण आहे. रिकाम्या शंखात बऱ्याचदा शंखातला खेकडा घर करून असतो, म्हणून तो वाळूतच राहू द्या.

मग आठवण म्हणून काय न्यावं?

मालवणचा खाजा, कोकम, तिरफळं आणि सुकी मासळी. मासळी गावातल्या बायकांकडूनच घ्या. त्या ती स्वतः खळ्यात वाळवतात आणि कावळ्यांपासून दिवसभर राखतात. सुके बांगडे, गोलमा, सुंगटं (कोळंबी), जे असेल ते. आधी वर्तमानपत्रात, मग पिशवीत आणि शेवटी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, म्हणजे गाडीत शेजाऱ्याला त्रास होणार नाही. घरी पोहोचल्यावर दोन दिवस कडक ऊन दाखवून बरणीत ठेवलीत तर पावसाळाभर टिकते.